घराभोवती सीसीटीव्ही: आठ कॅमेरे घ्यावेत की पाचच नीट बसवावेत?

यवतेश्वरपायथा · शनिवार, रात्री ९:१०

साताऱ्याच्या पश्चिमेला १५ गुंठ्यांची लांबट पट्टी आहे. पुढच्या बाजूला दुमजली घर. फाटक पूर्वेला, २० फुटी रस्त्यावर. घराच्या दोन्ही अंगांना पाच-पाच फुटांचे बोळ, मागचं दार पश्चिमेला आणि पट्टीच्या टोकाला गोठा. वायर जाईल त्या वाटेनं गोठा ७५ मीटर भरतो. माकडांचा उपद्रव आहे, पावसाळ्यात धुकंही उतरतं.

मिळालेला प्रस्ताव असा: ५ मेगापिक्सलचे ८ बुलेट (नळकांड्यासारखे) कॅमेरे, सगळ्यांची लेन्स २.८ एमएम, ८ चॅनलचा डीव्हीआर (रेकॉर्डर), १ टीबी डिस्क, थ्री प्लस वन केबल (चित्राची आणि विजेची तार एकत्र असलेली), एक १० अँपिअरचा एसएमपीएस (कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणारा डबा). कॅमेरे पहिल्या मजल्याच्या स्लॅबला, म्हणजे १८-२० फुटांवर, 'हात पोचू नये म्हणून'. यात काय बदलावं?

---

पक्कडपाना · शनिवार, रात्री १०:०२

सगळ्यात आधी उंची बदला. २० फुटांवरून टोपी दिसते, टक्कल दिसतं, चेहरा दिसत नाही. चेहरा हवा असेल तिथे कॅमेरा ८ ते ९ फुटांवर, फार तर १०. हात पोचण्याची भीती असेल तर दोन कॅमेरे एकमेकांकडे बघतील असे लावा. एकाला हात घालणारा दुसऱ्यात सापडतो.

दुसरी गोष्ट लेन्स. सगळीकडे २.८ एमएम लावणं बसवणाऱ्याच्या सोयीचं असतं, कारण कुठेही लावला तरी 'सगळं दिसतं'. दिसतं, पण ओळखू येत नाही. अनोळखी माणसाचा चेहरा पटण्यासाठी चित्रात एका मीटरला निदान २५० पिक्सल पडायला हवेत. ओळखीचा माणूस १२५ मध्ये कळतो, नुसतं कुणीतरी आहे एवढं समजायला २५ पुरतात. आता ४ मेगापिक्सलचं चित्र २५६० पिक्सल रुंद असतं. २५० नं भागलं की साधारण १० मीटर. म्हणजे चित्राची रुंदी जमिनीवर १० मीटरपेक्षा जास्त झाली की चेहरा गेला.

२.८ एमएम लेन्सचा कोन १०० अंशांच्या आसपास असतो. तिथे ही हद्द चार-सव्वाचार मीटरवरच संपते. ४ एमएमला सहा मीटर, ६ एमएमला ११ मीटरच्या आसपास. हे दिवसाचे आकडे. रात्री यातला तिसरा हिस्सा तरी गेला असं धरून चाला.

म्हणून तुमच्या घराला असं सुचवेन:

फाटकाच्या खांबावर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर एक ४ एमएम, ८ फुटांवर, आत येणाऱ्याच्या तोंडावर रोखलेला. पोर्चमध्ये एक २.८, दार आणि गाडी दोन्ही येतील असा. मागच्या दाराला एक २.८. दोन बोळांपैकी ज्यात खिडक्या आणि पाईप आहेत त्यात एक, आणि तो कॅमेरा आडवा न बसवता ९० अंशांत फिरवून बसवायचा. सेटिंगमध्ये कॉरिडॉर मोड असतो. पाच फुटी बोळात आडव्या चित्राचा निम्मा भाग दोन्हीकडच्या भिंती खातात, उभ्या चित्रात बोळ शेवटपर्यंत येतो. पाचवा गोठ्यावर. बाकीच्या तीन कॅमेऱ्यांचे पैसे वायर आणि डिस्कवर घाला.

बुलेटऐवजी टरेट घ्या, आपल्याकडे दुकानात आयबॉल म्हणतात तो. बुलेटच्या टोपीखाली कोळी हमखास जाळं करतो, आणि माकडाला धरायला ती दांडी आयतीच मिळते.

---

ओहम · शनिवार, रात्री १०:४५

थ्री प्लस वनचा आणि ७५ मीटरचा हिशेब मांडतो, म्हणजे गोठ्याचा कॅमेरा दिवसा चालून रात्री का बंद पडतो ते कळेल.

समजा वीज नेणारी तार चांगली, ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे. तिचा रोध मीटरला ०.०३६ ओहमच्या आसपास. जाणं-येणं मिळून १५० मीटर, म्हणजे ५.४ ओहम. रात्री आयआर (डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड) दिवे लागले की कॅमेरा अर्धा अँपिअर ओढतो. ५.४ गुणिले ०.५, म्हणजे २.७ व्होल्ट वाटेतच गेले. १२ मधले ९.३ उरले. कॅमेरा बंद होतो, आयआर विझतो, भार उतरतो, व्होल्टेज चढतं, कॅमेरा परत चालू होतो, आयआर लागतो, परत बंद. अंधार पडल्यावर दर अर्ध्या मिनिटाला चित्र जातं-येतं, आणि कॅमेरा खराब म्हणून बदलला जातो. बाजारातल्या बऱ्याच थ्री प्लस वनमधली वीजतार ०.५ चीही नसते आणि निखळ तांब्याचीही नसते.

१० अँपिअरचा एसएमपीएस घेतला म्हणून हे सुटत नाही. तिकडे अँपिअर भरपूर आहेत, इकडे पोचत नाहीत. १ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढली तर हाच उतार १.३५ व्होल्टवर येतो. पण मग वायरचाच खर्च इतका होतो की पीओई परवडतं.

पीओईमध्ये ४८ व्होल्टच्या आसपासची वीज नेटवर्क केबलमधूनच जाते. साधं ८०२.३ एएफ मानक पोर्टला १५.४ वॉट देतं, कॅमेऱ्यापाशी १२.९५ ची हमी. स्थिर कॅमेरा ५ ते ८ वॉटचा. व्होल्टेज चौपट म्हणून करंट चौथाई, आणि उतार नगण्य. लांबीची मर्यादा १०० मीटर.

फक्त केबल निखळ तांब्याची हवी. बाजारात सीसीए नावाची, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, सर्रास विकतात. ओळखायला ब्लेडनं तार खरवडा, आत पांढरं दिसलं की परत करा. याहून खात्रीचं म्हणजे मल्टिमीटर. ३०५ मीटरच्या न उघडलेल्या खोक्यातल्या एकाच तारेची दोन टोकं मोजा. दुसरं टोक खोक्याच्या पोटात असतं, ते बाहेर काढून घ्या. २४ गेजच्या तांब्याला २६ ते २९ ओहम येतील. ४० च्या पुढे काटा गेला तर ते तांबं नव्हे.

---

माणदेशी · शनिवार, रात्री ११:२०

गोठ्यावर सिमकार्डवाला सोलर कॅमेरा का नाही? वायरच नको.

---

पक्कडपाना · शनिवार, रात्री ११:३१

दहिवडी-म्हसवडला चालेल, साताऱ्याच्या पश्चिमेला जुलै-ऑगस्ट काढणार नाही. आठ-दहा दिवस ऊन नाही म्हटल्यावर बॅटरी बसते. शिवाय हे कॅमेरे बॅटरी वाचवायला झोपलेले असतात, हालचाल जाणवली की जागे होतात. जागं व्हायला जो एखाद-दुसरा सेकंद जातो तेवढ्यात माणूस चौकटीतून गेलेला असतो. उघड्या माळावरच्या विहिरीवर, जिथे वीजच नाही, तिथे ठीक.

---

ओहम · रविवार, सकाळी ८:१५

रात्री लिहिताना एक मोठी गोष्ट राहिली. गोठ्यापर्यंत तांब्याची केबल नेऊच नका, अंतर बसत असलं तरी.

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या विजा पडतात त्या कॅमेऱ्यावरच पडायला हव्यात असं नाही. शंभर-दोनशे मीटरवर जरी पडली तरी घराची जमीन आणि गोठ्याची जमीन यांच्यात क्षणभर प्रचंड व्होल्टेजचा फरक होतो. दोन इमारती तांब्यानं जोडलेल्या असल्या की तो फरक केबलमधून वाट काढतो. कॅमेरा, पोर्ट, पुष्कळदा अख्खा एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) जातो.

तिथे फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाका. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्क केबल जोडणारी डबी), गोठ्याच्या कन्व्हर्टरपाशी एक पीओई इंजेक्टर (नेटवर्क केबलमध्ये वीज सोडणारी डबी), आणि वीज गोठ्याच्याच बोर्डातून. घरातलं टोक एनव्हीआरला. काच वीज वाहत नाही, प्रश्न मिटला. मात्र केबल टीव्हीवाले वापरतात त्या ड्रॉप केबलला ताणासाठी पोलादी तार असते. ती तशीच आत नेली तर फायबर टाकून उपयोग शून्य. ती तार बाहेरच्या शेवटच्या हुकाला बांधून तिथेच छाटायची आणि पुढे फक्त फायबर आत घ्यायचं. केबलच्या पोटातही बारीक तारा असतात. त्या धातूच्या असतील तर त्याही कन्व्हर्टरच्या डबीला टेकता कामा नयेत. पोटात प्लॅस्टिकचे धागे असलेली केबल मिळाली तर उत्तम.

फाटकाचा कॅमेरा भिंतीला धरूनच आहे. त्याच्या केबलला घरात शिरताना पीओईचा सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारी डबी) लावा आणि त्याची हिरवी तार घराच्या अर्थिंगला जाडसर वायरनं, जवळच्या वाटेनं जोडा. अर्थिंग न जोडलेला प्रोटेक्टर म्हणजे नुसती डबी. नव्या घरांतसुद्धा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा असतो, तो आधी बघून घ्या.

---

कृष्णाकाठ · रविवार, सकाळी ९:४०

हे वाचणाऱ्या सांगलीकरांसाठी तीन मुद्दे.

रेकॉर्डर कुठे ठेवता ते पुराच्या हिशेबानं ठरवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तळमजल्यावर जिन्याखाली एनव्हीआर ठेवायची पद्धत नदीकाठच्या भागात सोडून द्यावी. पहिल्या मजल्यावर, कपाटात, आणि वायरही वरून खाली उतरतील अशा. घर रिकामं करून लोक बाहेर पडतात तेव्हाच चोरीचा धोका जास्त, त्यामुळे पूर येऊनही यंत्रणा चालू राहायला हवी असेल तर इन्व्हर्टरही वरच.

दुसरं काळ्या मातीचं. फाटकाशी भिंत नसेल तर लोक लोखंडी खांब रोवतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांब वर्षभरात मान टाकतो. खड्डा तीन फूट तरी घ्या. काढलेली माती परत भरू नका, मुरूम आणि खडी भरून काँक्रीट करा. खांब बारीक असेल तर वाऱ्यानं डोलतो आणि मोबाईलवर रात्रभर 'हालचाल आढळली' येत राहतं.

ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यांच्या काचेवर पंधरा दिवसांत धुळीचा थर बसतो. कोरड्या फडक्यानं पुसू नका, चरे पडतात. आधी पाणी मारा.

---

यवतेश्वरपायथा · रविवार, सकाळी ११:०५

सगळ्यांचे आभार. पीओई पक्कं. कॅमेरे आयपी ६७ घेतले की पावसाचं बघायला नको ना?

---

पक्कडपाना · रविवार, दुपारी १२:३०

उलट तिथेच बघायला हवं. आयपी ६६ म्हणजे धूळ शिरत नाही आणि जोराच्या फवाऱ्याला टिकतो. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी टिकतो. पण ही हमी कॅमेऱ्याच्या डब्याची आहे. त्याच्या शेपटीला जे आरजे ४५ चं (नेटवर्क केबलचं) मादी कनेक्टर लोंबतं, त्याची नाही. पावसाळ्यात बंद पडलेला कॅमेरा उघडून बघा, दहापैकी आठ वेळा सोन्याच्या पिना हिरव्या झालेल्या असतात.

म्हणून क्रम असा ठेवा. भिंतीवर आधी जंक्शन बॉक्स, पाच इंची, गोल किंवा चौकोनी. केबल पाईपमधून बॉक्सच्या खालच्या बाजूनं आत घ्यायची, वरून कधीच नाही. आत शिरण्याआधी केबलला खाली वेलांटीसारखा एक झोळ द्यायचा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळातून टपकतं, आत जात नाही. कॅमेऱ्यासोबत येणारी पाणीरोधक टोपी आणि रबर फेकून देऊ नका. ती केबल क्रिंप करण्याआधी (टोकाला प्लग दाबून बसवण्याआधी) केबलवर ओवावी लागते, नंतर बसत नाही. घाईत बहुतेक जण इथेच चुकतात. पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाच्या टोकाएवढं. वरून काळी टेप गुंडाळून भागत नाही, उन्हानं तिचा डिंक वितळतो आणि आत पाणी धरून ठेवतो. वापरायचीच तर स्वतःला चिकटणारी रबरी टेप. बॉक्सच्या वरच्या तिन्ही कडांना सिलिकॉन, खालची कड मोकळी. आत दमट हवा साचली तर तिला वाट हवी.

विटेच्या भिंतीला ६ एमएमची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) आणि दीड इंची स्क्रू पुरतो. जांभ्याला किंवा मातीनं सांधे भरलेल्या जुन्या दगडी भिंतीला पुरत नाही, ड्रिलचं भोक आपोआप मोठं होतं. तिथे ८ किंवा १० एमएमची लांब गिट्टी, दगडाच्या मधोमध. सांध्यात भोक मारू नका. स्क्रू स्टेनलेसचेच.

पाईप २५ एमएमचा, मध्यम किंवा जड प्रतीचा. त्यात कॅट ६ च्या चार केबल आरामात जातात, पाचवी ओढताना सालं निघतात. कोपऱ्यात काटकोनी एल्बो नको, बेंड वापरा. घराच्या विजेच्या वायरपासून एक फूट लांब, छेदायचंच असेल तर काटकोनात. माकडांसाठी एवढंच: मोकळी लोंबणारी केबल दिसली की ती ओढणार. सगळं पाईपमध्ये आणि दर दोन फुटांवर सॅडल (पाईप धरणारी पट्टी). फाटकाचा कॅमेरा आयके १० चा घ्या, तो २० ज्यूलचा आघात सोसतो.

---

रात्रपाळी · रविवार, दुपारी ४:१०

डिस्कबद्दल कुणी बोललं नाही. ४ मेगापिक्सल, एच.२६५ (चित्र दाबून साठवायची पद्धत), कॅमेऱ्यामागे २ एमबीपीएस धरा. दिवसाला २१.६ जीबी. पाच कॅमेरे १०८ जीबी. १ टीबीत नऊ दिवस, २ टीबीत अठरा, ४ टीबीत सदतीस. चोरी कळायलाच कधी कधी आठवडा जातो, त्यामुळे २ टीबीच्या खाली उतरू नका. डिस्क सर्व्हेलन्स प्रकारचीच. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी नसते.

फक्त हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवून जागा वाचवू नका. सतत रेकॉर्डिंग ठेवा आणि त्यावर माणूस-वाहन ओळखणाऱ्या खुणा लावा. मांजर, पाऊस, डासांचा थवा यांनी मोबाईल वाजायचा थांबतो.

सेटिंगमध्ये सहसा राहून जाणाऱ्या गोष्टी: वारंवारता ५० हर्ट्झ ठेवा, ६० वर राहिली तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात. रात्रीचा शटर १/२५ सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका. तो १/१२ वर गेला की फोटोत अंगण लख्ख दिसतं आणि चालणारा माणूस भुतासारखा पुसट. दुकानात चित्र उजळ दाखवायला तेच केलेलं असतं. टाइम झोन जीएमटी +५:३०, आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळणारी. यासाठी time.nplindia.org हा पत्ता चालतो. लोडशेडिंगनंतर घड्याळ १ जानेवारी २००० वर जात असेल तर आतला नाणेसेल संपलाय.

पासवर्ड स्वतः घाला, बसवणाऱ्याकडे ठेवू नका. २०१६ च्या मिराई हल्ल्यात जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातल्याच पासवर्डमुळे ताब्यात गेले होते. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड उघडू नका, कंपनीचं ॲप त्याशिवाय चालतं.

खरेदी करताना एसटीक्यूसी (सरकारी चाचणी संस्था) तपासणी झालेलं मॉडेल आहे का विचारा. एप्रिल २०२५ पासून सरकारनं कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणी सक्तीची केली आहे, जुना साठा स्वस्तात खपवला जातो.

---

माणदेशी · रविवार, संध्याकाळी ६:०५

+१. आणि लाइट गेल्यावर?

---

ओहम · रविवार, संध्याकाळी ६:५०

पाच कॅमेरे २५-३० वॉट, एनव्हीआर १०-१५, राउटर ८-१०. ढोबळ ५० वॉट. कॉम्प्युटरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. नवी असताना तासभर. घरात १५० अँपिअर-तासाचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरच टाका, रात्र काढतो. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर लाइट जाताना एनव्हीआर दर वेळी रीस्टार्ट होऊन दोन मिनिटं आंधळा असतो. गोठ्याचा कन्व्हर्टर आणि इंजेक्टर मात्र गोठ्याच्या लाइटवर आहेत, त्यांना तिथे वेगळा छोटा यूपीएस लागेल.

---

वकिलीचष्मा · रविवार, रात्री ८:२०

शेजाऱ्याची खिडकी-न्हाणी चौकटीत येत असेल तर प्रायव्हसी मास्क लावून तो भाग काळा करा. आणि तो शेजाऱ्याला दाखवा, तोंडी सांगण्यापेक्षा भांडण लवकर मिटतं. स्त्रीचं खासगी चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, 'चुकून आलं' ही सबब तिथे दुबळी पडते.

चोरी झालीच तर फुटेज मोबाईलनं टीव्हीवरून चित्रित करून देऊ नका. रेकॉर्डरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५ बी. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पटवणारा तिचा अंक) लिहायची असते. घड्याळ चुकीचं असेल तर किती मिनिटांचा फरक आहे ते त्याच वेळी पंचनाम्यात नोंदवून घ्या.

---

यवतेश्वरपायथा · सोमवार, रात्री ९:३०

ठरलं ते असं: ४ मेगापिक्सलचे पाच टरेट, फाटकावर ४ एमएम आयके १०, बोळात उभा, गोठ्याला फायबर, ८ पोर्टचा पीओई एनव्हीआर पहिल्या मजल्यावर, २ टीबी. मागच्या दाराचा कॅमेरा छज्जाच्या खाली, भिंतीला लागून लावायचा आहे. पाऊस लागणार नाही. चालेल?

---

पक्कडपाना · सोमवार, रात्री १०:१५

पावसाला चालेल, रात्रीला नाही. छज्जाचा पांढरा तळ चौकटीत वरच्या बाजूला जरी डोकावला तरी आयआर तिथे आपटून परत येतो, कॅमेरा चित्र गडद करतो आणि अंगण काळं पडतं. भिंतीवर दीड फूट खाली घ्या, किंवा छज्जाच्या पुढच्या कडेला आणा. धुक्यातही आयआर तसाच परत फिरतो, त्यामुळे मागच्या दाराला आणि फाटकाला एकेक साधा एलईडी दिवा लावाच. पण कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट लांब. किडे दिव्यापाशी जमतात, कोळी किड्यांपाशी जातो आणि लेन्स मोकळी राहते.

जंक्शन बॉक्सला सिलिकॉन मारण्याआधी एक रात्र जाऊ द्या. अंधार पडल्यावर घरातले सगळे दिवे बंद करून एकानं फाटकापासून गोठ्यापर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, दुसऱ्यानं एनव्हीआरवर बघायचं. थेट चित्र बघू नका, रेकॉर्डिंग मागे नेऊन थांबवून बघा. चेहरा जिथे पुसट होतो तिथे जमिनीवर चुन्यानं रेघ मारा, सकाळी त्या रेघेप्रमाणे कॅमेऱ्याची मान वळवा, मग स्क्रू आवळा.